सरकीचा कडू घास

बैलाला 'आपण' म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

मी नोकरीला लागले तेव्हा ते आमच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. सरकारी कागदावर त्यांच्या पदाचं नाव 'व्रणोपचारक' होतं. ते गावात कुणाला नीट उच्चारता येत नसे, म्हणून गाव त्यांना सरळ डॉक्टर म्हणायचं. आणि मला, शिकून आलेल्या डॉक्टरला, मॅडम. मी त्यांना मामा म्हणे. अमडापूरपासून सात-आठ किलोमीटरवरचं ते गाव. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढे पत्र्याची शेड आणि तिच्यात जनावर उभं करायचा लोखंडी खोडा.

माझ्या पहिल्याच दिवशी एक जण खांदा सुजलेला बैल घेऊन आला. बैल खोड्यात शिरेना, तशी मालकाने त्याची शेपूट पिरगाळली. मामा म्हणाले, "हात काढ बे, नाई त तुलेच घालतो आत." मग ते बैलाच्या कानाशी गेले आणि शाळेतल्या गुरुजींच्या शुद्ध मराठीत म्हणाले, "या. दोन मिनिटांचं काम आहे. आपल्याला फार त्रास होणार नाही." बैल आत गेला. शेपूट सुटली म्हणूनही गेला असेल. मला त्यावर पैज लावायची नाही. पण त्यानंतर मी त्यांच्यासोबत चार वर्षं काम केलं आणि या नियमात फरक पडलेला कधी पाहिला नाही. माणसांना बे, अबे, आणि वेळप्रसंगी त्याहून वाईट. शेळी, म्हैस, गाढव, कोंबडी यांना मात्र आपण, बसा, उठा, जरा मान वळवता का.

मी देऊळगाव राजाची. वडील कचेरीत कारकून, घरात बोलणं सगळं पुस्तकी. मला त्यांच्या या पद्धतीची गंमत वाटायची. एकदा कारण विचारलं. ते जखमेवरची पट्टी गुंडाळत होते. म्हणाले, "माणसाले शिवी देल्ली त तो ते दुसऱ्याले देऊन मोकळा होते. हे जनावर कोणाले देईन?"

नोंदवहीतही त्यांचा स्वतःचा कायदा होता. 'गाय, वय पाच, रंग तांबडा' एवढ्यावर त्यांचं भागत नसे. नाव विचारायचे. मालक म्हणाला की गाईले कायचं नाव, तर ते चष्म्यावरून त्याच्याकडे बघत आणि तिथल्या तिथे नाव ठेवत. आमच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा वही उघडली तर पानभर कुसुम, चंद्रकला, बाळासाहेब, शेवंता. ही माणसं इथे का आली होती, असं त्यांनी मला विचारलं. मामा माझ्या आधी म्हणाले, "खरूज झाली होती, साहेब." साहेबांनी वही मिटली.

त्यांच्या दोन गोष्टी मला सुरुवातीला आवडत नसत. एक म्हणजे जनावर दगावलेल्या घरी ते चहा मागत. दारात म्हैस मरून पडलेली, बाई पदर तोंडात धरून बसलेली, आणि हे म्हणायचे, चहा ठेवा. वर साखर कमी पडली म्हणून कुरकुर. मला शरम वाटायची. वर्षभराने कुठे माझ्या लक्षात आलं की ते तो चहा अर्धाही पीत नसत. बाई उठायची, चूल पेटवायची, भांडं शोधायची, आणि तेवढ्या वेळात आम्ही बाहेर दोर लावून म्हैस हलवायचो.

दुसरी गोष्ट त्यांचं रागावणं. उशिरा आणलेल्या जनावराच्या मालकाला ते सोडत नसत. गाठ, सूज, लंगडणं, काहीही असो, पहिला प्रश्न हाच की हे कधी दिसलं. आठ दिवस झाले म्हटलं की त्यांचा आवाज चढायचा. एका म्हाताऱ्याला त्यांनी असं झापलं होतं की तो औषध न घेताच शेळी घेऊन चालू लागला. मग हेच सायकल काढून त्याच्या मागे गेले आणि औषध पाजून आले. पण बोलणं मागे घेतलं नाही. "जनावर सांगत नाई," ते म्हणायचे. "ज्याले दिसलं त्यानं सांगावं. तेवढंच काम हाय माणसाचं."

आता सरकीबद्दल.

ती त्यांना ढेपेच्या दुकानात सापडली होती. सरकीच्या पोत्यांवर कुणीतरी टाकून दिलेलं, डोळे नुकते उघडलेलं कुत्रीचं पिल्लू. अंगावर मळकट पांढरी लव आणि आतून डोकावणारी काळी कातडी, म्हणजे दिसायलाही सरकीच. मामी जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. एकुलती मुलगी जालन्याला सासरी. नाल्यापलीकडे पाच घरांची एक शेतवस्ती आहे, तिथे करीमचाचांच्या शेताच्या कडेला जागेचा तुकडा घेऊन मामांनी सहावं घर म्हणून दोन खोल्या बांधल्या होत्या. पिल्लू तिथे गेलं आणि तेरा वर्षं राहिलं.

मी आले तेव्हा सरकी चांगली पोक्त होती. मामांच्या सायकलच्या कॅरिअरवर औषधांची लाकडी पेटी असे आणि पेटीवर सरकी. रस्त्याने जाताना ती दोन्ही बाजूंच्या शेतांकडे अशी बघायची की जणू पीकपाहणीला निघाली आहे. मामा तिच्याशी दिवसभर बोलत. आज ऊन जास्त आहे, नाही का? आपण अमडापूरला उद्या जाऊ. ती उत्तर देत नसे, पण कान त्यांच्याकडे असत. वस्तीवरच्या लोकांना त्याचं काही वाटत नसे. शेजारच्या सुमनवहिनी मामांशी रोज एकदा तरी भांडत, कधी पाण्यावरून, कधी कोंबड्यांवरून. पण मामा चार दिवस लसीकरणाच्या कॅम्पला गेले की सरकीची भाकर त्यांच्याच घरून जायची. करीमचाचा तिला हात लावत नसत. पाच वेळची नमाज, कुत्रं शिवलं की पुन्हा अंग-कपडे धुणं आलं. पण ईदनंतर तिच्यासाठी हाडं ते बाजूला काढून ठेवत आणि लांबून टाकत. तीही त्यांच्यापासून दोन हात दूर बसायची. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं.

मामा निवृत्त झाले. मुलीने जालन्याला चला म्हणून खूप आग्रह केला. मामांनी एकच सांगितलं, तुमच्या त्या बिल्डिंगमध्ये हिला करमणार नाही. त्यानंतर दीड वर्षाने, सोयाबीनच्या सोंगणीच्या, म्हणजे कापणीच्या दिवसांत, त्यांचा मला फोन आला. तपासायला येता का, एवढंच म्हणाले. कुणाला, ते सांगितलं नाही.

सरकी ओट्यावर बसली होती. तीन दिवस ती बसूनच होती. आडवी झाली की दम लागायचा, म्हणून पुढचे पाय फाकवून, मान ताणून बसलेली. डोळे मिटत आणि ती कलंडायला लागली की पुन्हा सावरायची. मामाही तीन दिवस तिच्या शेजारी बसून होते. त्यांच्या गुडघ्याला तिने पाठ टेकली होती. मी तपासलं. स्तनात लिंबाएवढी गाठ होती, फुटायला आलेली. छातीला नळी लावली तर श्वास कसा चालला आहे ते ऐकू आलं. गाठ छातीत पसरली होती. मी कितीतरी वेळ नळी कानातून काढली नाही, कारण काढली की बोलावं लागणार होतं.

मी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. गाठ कधी दिसली, हे मी त्यांना विचारलं नाही. आता एकच गोष्ट तिच्यासाठी करता येईल, एवढं सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "उद्या सकाळी येसान काय?"

सकाळी मी गेले तेव्हा आभाळ भरून आलं होतं. शिवारभर सोंगलेलं सोयाबीन ढीग लावून पडलेलं. अशा दिवशी वस्तीवर माणूस दिसायला नको. पाऊस यायच्या आत ताडपत्र्या टाकायला, मळणीयंत्र मिळवायला सगळे शेतात पळालेले असायचे. पण पाचही घरांतली माणसं तिथेच होती. मामांच्या अंगणात कुणी आलं नव्हतं. आपापल्या ओट्यावर, आपापल्या दारात बसली होती.  सुमनवहिनींनी कोंबड्या डालग्याखाली डालल्या होत्या.

आधी मी गुंगीचं इंजेक्शन दिलं. पाच-सात मिनिटांत तिची मान खाली आली आणि चार दिवसांत पहिल्यांदा ती आडवी झाली. मामांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी पुढच्या पायाची शीर शोधायला लागले. ती सापडेना. अंगात पाणीच राहिलं नव्हतं. एकदा सुई घातली, चुकली. दुसऱ्या पायाला घातली, तिथेही चुकली.  मी शेकडो जनावरांना सुया दिल्या होत्या, त्यातल्या अर्ध्या या माणसासमोर.

मामांनी पाय माझ्या हातातून घेतला, कोपराजवळ अंगठ्याने दाबून धरला आणि अंगठा किंचित बाहेर वळवला. दवाखान्यात ते नेहमी धरत तसाच. शीर वर आली. त्यांचा अंगठा जरासुद्धा हलत नव्हता. मग ते सरकीकडे वाकले आणि म्हणाले, "आता थोडं टोचेल. मग झोपायचं आपण."

मी सुई घातली. लागली. त्यांनी दाब सोडला, मी औषध सोडलं. आणखी काही सांगण्यासारखं नाही. बराच वेळ मी नळी लावून बसले होते. त्यांनीच माझ्या हातावर हात ठेवला, झालं म्हणून.

बांधावर हिवराच्या झाडाखाली खड्डा आधीच खणलेला होता. तो करीमचाचांनी पहाटे खणला होता, त्यांच्याच जमिनीत. सुमनवहिनींनी मिठाची पिशवी आणली. मामांनी सरकीला जुन्या धोतरात गुंडाळलं, पण उचलायला गेले तर उठताच येईना. चार दिवस बसून त्यांचे पाय धरले होते. तेव्हा करीमचाचा पुढे आले. मामांनी मान हलवून नको म्हटलं. त्यांना नमाज, कपडे, सगळं ठाऊक होतं. चाचा खाली वाकले. म्हणाले, "अंग त धुऊनच घेईन, डाक्टर. आज उचलू द्या मले."

तेरा वर्षं जिला हात लावला नव्हता तिला त्यांनी दोन्ही हातांवर घेतलं आणि छातीशी धरून बांधापर्यंत नेलं.

दुपारी चार वाजता पाऊस आला. वस्तीवरच्या लोकांचे बरेच ढीग भिजले. हे मला नंतर दुसऱ्या गावातल्या माणसाकडून कळलं. वस्तीवर त्याबद्दल कुणी कधी बोललं नाही.

त्या संध्याकाळी मी पुन्हा तिथे गेले. मामांची चूल थंड होती. आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटत नाही. शेजारीपाजारी भाकरी आणि पिठलं नेऊन देतात, त्याला कडू घास म्हणतात. सुमनवहिनी टोपलीत भाकरी भरत होत्या. त्यांच्या नवऱ्याने दबक्या आवाजात विचारलं की कुत्रीसाठी कडू घास काढतात काय, लोक काय म्हणतील. वहिनींनी मान वर केली नाही.

"घास कुत्रीसाठी नाई," त्या म्हणाल्या. "घास जो राह्यला त्याच्यासाठी असते."

पाचही घरांतून काही ना काही आलं. चाचांकडून डाळ आली. मामांच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि सगळे भिंतीला टेकून बसले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, हातात धरून ठेवला आणि तसाच ताटात ठेवला. खा म्हणून कुणी म्हटलं नाही. कुणी उठूनही गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी जालन्याहून मुलगी आली. या खेपेला ती विचारायला आली नव्हती, घेऊन जायला आली होती. मामा लगेच हो म्हणाले. पिशवीत दोन धोतरं आणि चष्म्याचं घर टाकून बसलेही. त्या 'हो'ने वस्ती घाबरली. भांडून जाणाऱ्या माणसाला अडवता येतं. जो निमूट निघतो त्याचा हात कुठे धरणार?

अडवलं कुणी नाही. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनवहिनी शेळी घेऊन आल्या. चारा खात नाही म्हणाल्या. मामा बसल्या जागेवरून उठले, शेळीची जीभ पाहिली, पोट दाबलं, ताप पाहिला. काही नव्हतं. त्यांच्यामागून दुसऱ्या घरची कालवड आली, लंगडते म्हणून. ती अंगण ओलांडताना मजेत उड्या मारत होती. संध्याकाळी कुणी कोंबडा आणला. असं तीन-चार दिवस चाललं. मामा रोज निघायचं म्हणत आणि रोज कुणाचं तरी धडधाकट जनावर दारात उभं असे. मुलीने मला फोन करून विचारलं, मॅडम, इथे साथबिथ आली आहे का?

मी गेले तेव्हा तीच शेळी पुन्हा उभी होती. मामा उकिडवे बसून तिची कास तपासत होते. सुमनवहिनी दोर धरून होत्या, मुलगी दारात. मी ओट्यावर टेकले. मामांचा हात कासेवरून फिरता फिरता थांबला. कितीतरी वेळ तो तिथेच होता. शेळी चुळबुळ करू लागली.

"इथंच होती," ते म्हणाले. "हरभऱ्याएवढी. उन्हाळ्यातच लागली होती माह्या हाताले."

 त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चार वर्षं मी त्यांना लोकांना झापताना ऐकलं होतं, आणि आता त्यांच्या चेहऱ्यावर त्या झापलेल्या म्हाताऱ्याचाच भाव होता.

"तवाच दाखवली असती त कापता आली असती. मले काय मालूम नव्हतं? पर दाखवली असती त तुमी खरं सांगतलं असतं, मॅडम. मले खरं ऐकाचं नव्हतं. रोज पाहो, रोज हात मागं घेवो."

 डॉक्टर म्हणून सांगायचं तर ते खरं होतं. वेळेवर कापली असती तर कदाचित ती आणखी वर्ष-दोन वर्षं जगली असती. मी ते म्हटलं नाही आणि खोटंही बोलले नाही. बोलल्या त्या सुमनवहिनी. शेळीचा दोर हाताभोवती गुंडाळत, खाली बघत.

"मीनंबी पाह्यली होती, मामा. अंगणात उताणी लोळे तवा. म्हटलं, यायले ठाऊकच असन. अन् ठाऊक नसन, त मी कशाले सांगू? चांगले हासत होते तुमी तिच्यासंगं."

मामा तिथेच, शेळीच्या पायांशी, मातीत बसले आणि रडले. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, लहान मूल रडतं तसे. वहिनी दोर सोडून त्यांच्याशेजारी बसल्या. त्याही रडत होत्या. शेळी जाऊन चाचांच्या तुरीत शिरली, आणि चाचा बांधावर उभे असूनही त्यांनी तिला हाकललं नाही.

मुलगी दारातच होती. मी निघाले तेव्हा ती माझ्यासोबत रस्त्यापर्यंत चालत आली. म्हणाली, आई गेली तेव्हा बाबा कॅम्पवर होते. आले, सगळं रीतसर केलं, तेराव्याला पाहुण्यांना आग्रह करकरून वाढलं. डोळ्यांत पाणी आलं नाही, म्हणून इतकी वर्षं मी त्यांच्यावर मनातून रागावलेली आहे. मग थोडं चालून झाल्यावर म्हणाली, आज रडले त्यात आईपण होती का हो? मला काय ठाऊक? असेल, म्हटलं.

ती आणखी चार दिवस राहिली आणि एकटीच परत गेली. बाबा दिवाळीला येतील, असं ठरलं. ते गेले की नाही मी विचारलं नाही. त्याच सुमारास माझी बदली लोणारकडे झाली. जाताना मी त्यांना भेटले. वस्तीवरच्या लोकांनी दोनदा पिल्लू आणून देऊ केलं होतं, त्यांनी दोन्हीदा नको म्हटलं होतं. माझ्याशी बरंच बोलले, म्हशींच्या नव्या लसीबद्दल वगैरे. हिवराच्या झाडाकडे त्यांची पाठ होती.

मुलीचा आणि माझा मात्र फोन होतो अधूनमधून. बस निघण्याआधी तिने सुमनवहिनींचा नंबर घेतला होता आणि विनंती केली होती, की बाबा संध्याकाळी जेवले की मला तेवढं कळवत जा. वहिनींना लिहिणं फारसं येत नाही, म्हणून त्या मोबाइलवर बोलून निरोप पाठवतात. एकच शब्द असतो, 'जेवले.' मागे कोंबड्यांचा आवाज. मुलगी म्हणते, तो ऐकल्याशिवाय मी स्वतःचं ताट वाढून घेत नाही.

गेल्या आठवड्यात तिने त्यातला एक निरोप मला पाठवला. मी तो दवाखान्यात, हातातलं काम ठेवून, दोनदा ऐकला. वहिनींचा आवाज हळू होता, खोलीत कुणी झोपलेलं असावं तसा.

"आज नाई जेवले. पर आमी बसलो हाओत."